निसर्ग वादळ होऊन सहा दिवस झाले, वीज नाही, पाणी नाही. घर पुन्हा लावायचं तर सुरुवात कुठून करू? (दापोली–मंडणगड)

पोफळवन | ९ जून २०२०, दुपारी १२.४०

गावात रेंज नाही. सड्यावर चढून आल्यावर एक काडी मिळते, तिथे बसून लिहितोय. भावाच्या गाडीत मोबाईल चार्ज केलाय. उत्तरं वाचायला पुन्हा उद्या-परवाच येता येईल, तेव्हा शक्य तेवढं एकदाच लिहितो.

३ तारखेला सकाळपासून वारा होताच. अकरानंतर तो वाढत गेला. आधी डोंगराकडून येत होता, मग फिरला आणि समुद्राकडून आला. आमच्या वाडीचं नुकसान ह्या फिरण्यानेच जास्त केलं, असं काका म्हणतात. पहिल्या वाऱ्याने मुळं सैल केली, दुसऱ्याने झाडं आडवी पाडली. आई, काका आणि मी माजघरात दाराला पाटा-वरवंटा लावून बसलो होतो. दुपारी तीनच्या सुमारास आवाज उतरला. दार उघडलं तर समोर ओळखीचं काहीच राहिलं नव्हतं. ओटीवरून कधीही समुद्र दिसत नसे, त्या दिवशी दिसला.

१८० पोफळींतल्या (सुपारीच्या झाडांतल्या) १४० गेल्या. २६ माडांपैकी ११ मुळासकट आडवे, तिघांचे शेंडे मोडले. पडवीची सगळी कौलं गेली, माजघरावरची निम्मी. गोठ्याचा पत्रा कुठे गेला ते अजून सापडलं नाही. जनावरं सुखरूप आहेत. पाणंदीत विजेचे तीन खांब पडलेत, तारा गडग्यावर लोंबतायत.

इन्व्हर्टर ४ तारखेच्या रात्री संपला. विहिरीवर मोटर आहे, रहाट कधीचाच काढून टाकला होता. सध्या दोरी नि कळशीने पाणी काढतो. विहिरीत झावळ्या, पाला, चिखल पडलाय आणि पाण्याला वास येतोय. पाऊस कधीही लागेल.

मला चार गोष्टी विचारायच्या आहेत. विहिरीचं पाणी कसं साफ करायचं? वीज यायला किती दिवस धरून चालायचं? छपराचं आत्तापुरतं काय करायचं? आणि पडलेल्या झाडांचं काय करायचं? आई विहिरीकडे जाते, वाडीकडे पाहते आणि परत येते. तिला हाताला काम हवंय. काय आधी करायचं एवढं कळलं तरी खूप झालं.

---

निवृत्त_अभियंता | ९ जून, सायंकाळी ६.१०

तुमचा दुसरा प्रश्न माझ्या कामाचा आहे. तीस वर्षं ह्याच खात्यात, ह्याच डोंगरांत काढली.

दिवस मोजू नका. महिना धरून चाला. आधी आली तर चांगलंच आहे. कारण सांगतो, म्हणजे शेजारच्या गावात दिवे लागलेले दिसले तरी राग येणार नाही. वीज वरून खाली येते. आधी उच्चदाबाच्या मोठ्या वाहिन्या, मग ३३ केव्हीची वाहिनी आणि उपकेंद्र. त्यानंतर उपकेंद्रातून निघणारे ११ केव्हीचे फीडर, मग तुमच्या वाडीचं रोहित्र, म्हणजे डीपी. शेवटी डीपीपासून घरापर्यंतची लघुदाबाची तार. दवाखाना आणि पाणीयोजना ज्या फीडरवर आहेत तो आधी उभा करतात. तुमचं गाव फीडरच्या शेपटाला असेल तर मधला एकेक खांब उभा राहिल्याशिवाय तुमच्यापर्यंत काही पोचत नाही. कोकणात वाहिन्या आगरांतून आणि जंगलातून जातात, म्हणून एका किलोमीटरला जेवढं काम पडतं तेवढं घाटावर पाच किलोमीटरला पडत नाही.

गावाने करण्यासारखं बरंच आहे. पडलेल्या प्रत्येक खांबाचा नंबर नि जागा लिहून काढा, मोबाईलवर फोटो घ्या. बाहेरून आलेल्या वीज कामगारांच्या टोळ्यांना रस्ते माहीत नसतात. अशी यादी हातात पडली की त्यांचा अर्धा दिवस वाचतो. खांब घेऊन येणारी गाडी जिथवर यायला हवी तिथवरचा रस्ता मोकळा करा. त्यांच्या जेवणाची, निजण्याची सोय करा. ही माणसंही घर सोडून आलेली असतात.

आता मनापासून सांगायचं ते. पडलेली तार मेलेली आहे असं कधीही समजू नका. कोणीतरी कुठेतरी जनरेटर लावतो, मेन बंद करत नाही, ती वीज उलटी जाते आणि डीपीतून चढून ११ हजार व्होल्ट होते. लाइनमन दूर खांबावर हातमोज्याविना असतो. जनरेटर लावायचा असेल तर मेन स्विच खाली, शक्यतो मीटरनंतरची वायरही सुटी, आणि पंपाची वायर थेट जनरेटरला. प्लगमधून घराला वीज देणं पूर्ण बंद.

तारेवर पडलेली फांदी स्वतः तोडू नका. लाइनमनने वाहिनी बंद करून जमिनीला जोडल्यावर (अर्थिंग केल्यावर) तो सांगेल तेव्हा हात लावायचा.

वीज येईल त्या दिवशीची गोष्टही आत्ताच लिहून ठेवतो. सगळी उपकरणं प्लगमधून काढलेली असू द्या. पहिल्यांदा फक्त एक बल्ब लावा. तो नेहमीपेक्षा जास्त लख्ख पेटला किंवा कमीजास्त होत राहिला, तर न्यूट्रल तुटलेला असू शकतो. अशा वेळी घरात २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत येतात आणि फ्रिज, टीव्ही, मोटर एका मिनिटात जळतात. लगेच मेन बंद करा आणि वायरमनला सांगा. तक्रारीसाठी १९१२.

---

आरोग्यसेविका_रत्नागिरी | ९ जून, रात्री ९.३०

दादा, बाकी सगळं नंतर. आधी पाणी.

झावळ्या, पाला, मेलेलं काही असेल ते काढा. गळ बांधून काढा, विहिरीत उतरू नका. पाला कुजलेल्या विहिरीत खाली हवा खराब असते. चिखल बसायला एक दिवस द्या.

मग टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. ती ग्रामपंचायतीत मिळते, मागून घ्या. हिशेब असा : विहिरीचा व्यास मीटरमध्ये घ्या, त्याला त्याच आकड्याने गुणा, मग पाण्याच्या उंचीने गुणा, मग ०.७८५ ने. आलेला आकडा म्हणजे किती हजार लिटर पाणी. व्यास ३ मीटर आणि पाणी २.४ मीटर असेल तर साधारण १७ हजार लिटर. दर हजार लिटरला अडीच ग्रॅम ताजी टीसीएल, म्हणजे ४२-४३ ग्रॅम. वादळानंतर पहिल्या वेळी दुप्पट घालायची, ८५ ग्रॅम धरा. पावडर उघडी पडून जुनी झाली असेल तर तिचा जोर गेलेला असतो, म्हणून बंद पिशवीतलीच घ्या.

सरळ विहिरीत ओतू नका. बादलीत थोड्या पाण्यात कालवून लगदा करा, मग बादली पाण्याने भरून ढवळा. दहा मिनिटं ठेवा, चुना तळाला बसेल. वरचं नितळ पाणी दुसऱ्या बादलीत घ्या आणि तीच बादली दोरीने विहिरीत सोडून खालीवर हलवा. तळातला चुना विहिरीत जाऊ देऊ नका. संध्याकाळी घातलं तर उत्तम, रात्रभरात काम होतं. निदान एक तास तरी ते पाणी काढू नये. ओटी टेस्टचं किट आमच्याकडे किंवा ग्रामपंचायतीत असतं. दोन थेंब टाकल्यावर पाणी पिवळसर झालं तर क्लोरीन आहे. पिण्याचं पाणी तरीही उकळा. लहान मुलं आणि म्हातारी माणसं असतील तर नक्कीच.

पायाला जखम असेल तर चिखलात उघड्या पायांनी जाऊ नका. पाणी साचलेल्या भागात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) होतो. ताप, अंगदुखी, डोळे लाल झाले तर 'वादळाचा शीण' म्हणून घरी बसू नका, आरोग्य केंद्रात जा. औषध वेळेवर सुरू झालं तर माणूस बरा होतो.

आणि पडलेल्या कौलांत, पाल्यात, लाकडांच्या ढिगात हात घालण्याआधी काठीने हलवा. फुरसं तिथेच बसतं. चावलं तर बांधू नका, कापू नका, पाय हलवू न देता दवाखाना गाठा. १०८ लागत नसेल तर मिळेल त्या गाडीने.

---

नालासोपारा_मंडणगड | १० जून, सकाळी ८.०५

माझं घर तुमच्या पलीकडच्या खाडीजवळ. आईवडील तिथे आहेत, ३ तारखेनंतर ६ तारखेला पहिल्यांदा आवाज ऐकला. कोरोनाचं लॉकडाऊन आहे, पास मिळाला तरी चौदा दिवस शाळेत विलगीकरणात राहावं लागेल, आणि शाळेचे पत्रे उडाले आहेत असं कळलं. इथे आम्ही वाडीतले सगळे मिळून टेम्पो पाठवतोय. काय भरू ते सांगा. लोक कपडे आणून देतायत, मला ते बरोबर वाटत नाही.

---

सुलभा_चिपळूण | १० जून, सकाळी ११.२०

बरोबर वाटतंय तुम्हाला, कपडे नका पाठवू. जाड ताडपत्री आणि नायलॉनचा दोर. पत्र्याचे जे-हुक, वॉशर, खिळे, बांधायची तार. तालुक्याच्या बाजारात हे सगळं संपलंय आणि उरलेल्याचे भाव चढलेत. सौर कंदील मिळाले तर तेच घ्या, मेणबत्त्या दोन दिवसांत संपतात. लाकूड कापायच्या कटरच्या साखळ्या आणि ऑईल. विहिरीसाठी कप्पी आणि दोर, प्रत्येक वाडीला एक. आईवडिलांची बीपी-साखरेची औषधं महिन्याभराची, नावानिशी पिशवीत. आणि पाळीच्या पॅड. हे कोणी यादीत लिहीत नाही.

---

चिरेबंदी | १० जून, दुपारी ३.४५

छपराविषयी. मी गवंडीकामातला, दापोलीचाच.

पाऊस तोंडावर आहे, तेव्हा आत्ता पूर्ण छप्पर करायच्या मागे लागू नका. एक खोली कोरडी करा. चूल, धान्य आणि माणसं त्या खोलीत. माजघरावर उरलेली कौलं काढून एकाच बाजूला नीट बसवा आणि बाकीच्यावर ताडपत्री. ताडपत्री वासे-रिपांवर सपाट पसरून सोडू नका, पाण्याची पखाल होऊन फाटते. आढ्यावरून दोन्हीकडे ओढा, कडेला बांबू गुंडाळा आणि बांबूला दोर बांधून खाली खुंटीला ताण द्या. माडाच्या झावळ्या एवढ्या पडल्यात, विणता येत असतील तर झाप करा. ताडपत्रीखाली झाप घातले की वारा तिला उचलत नाही.

पुढच्या बांधणीत एक लक्षात ठेवा. वारा छपराला वरून दाबत नाही, खालून आणि कडेने उचलतो. पागोळीच्या दोन रांगा आणि आढ्याचे कोने चुन्यात किंवा सिमेंटमध्ये पक्के बसवा. वासे भिंतीवरच्या लाकडाला लोखंडी पट्टीने बांधून घ्या. आपल्याकडे वासे नुसते टेकवलेले असतात.

---

हर्णै_किनारा | १० जून, सायंकाळी ७.१५

चिरेबंदी, सगळं पटलं, पण आता पुन्हा कौलंच कशाला? इकडे ज्यांचे पत्रे नीट आवळलेले होते त्यांची घरं उभी आहेत. कौलं शाकारायला माणूस मिळत नाही, मंगलोरी कौलं मिळायची बंद होत आली आहेत.

---

चिरेबंदी | १० जून, रात्री १०.००

माणूस मिळत नाही हे खरं. पण पत्रा सुटला तर तो पूर्ण उडतो आणि वाटेत येईल त्याला कापत जातो. ३ तारखेला मी ते पाहिलंय. कौलं एकेक करून सुटतात, आतली हवा बाहेर पडते आणि भिंती वाचतात. पत्रा घालायचाच तर कडेच्या दोन ओळींत प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू, मध्ये एकाआड एक, आणि पत्रे सांध्यावर दीड-दोन वळ्या एकावर एक. खर्च वाचवायला हुक कमी लावले की पुढच्या वादळाची सोय झाली. घर कौलारू असेल आणि लाकूड चांगलं असेल तर मी कौलंच घालीन.

---

वेंगुर्ल्याचो | ११ जून, सकाळी ९.३०

पोफळवन, तुमचा वाचून माका फयान वादळ आठवला. नोव्हेंबर २००९. आमची होडी त्या वेळी बंदरात होती, शेजाऱ्यांची नव्हती. नंतर कितीतरी दिवस घरात कोण बोलीच ना. आवशीक काम द्या, खरा सांगतंय. माझी आवस तेव्हा सगळ्या वाडीची पेज करी होती. तेच्यानंच ती सावारली.

---

पोफळवन | १२ जून, दुपारी २.२०

काल पाऊस लागला. मॉन्सून आला म्हणे.

सगळ्यांचे प्रतिसाद सड्यावर बसून वाचले आणि वहीत उतरवून नेले. विहीर झाली. आमची १० फूट व्यासाची, ८ फूट पाणी, म्हणजे ताईंच्या उदाहरणाएवढीच निघाली. ८५ ग्रॅम टीसीएल शाळेच्या तराजूवर मोजली. दुसऱ्या दिवशी ओटी पिवळी आली. वास गेला. जुना रहाट मांगरात सापडला, सुताराने दोन दांडे बदलून दिले. आता शेजारची चार घरंही इथूनच पाणी नेतात.

एक खोली कोरडी आहे. ताडपत्रीखाली झाप आहेत. ते आईने विणले. मला येत नाही, तिला येतं हेही मला माहीत नव्हतं. वेंगुर्ल्याच्या दादांना हे मुद्दाम सांगतोय.

खांबांची यादी केली. आमच्या फीडरवर गावच्या हद्दीत ३४ खांब पडलेत.

एक जण जनरेटर टेम्पोत घालून वाडीवाडीतून फिरतो, तासाला पाचशे रुपये घेतो. पाच घरांनी मिळून एक तास घेतला, टाक्या भरल्या, मोबाईल चार्ज केले. मेन आधी बंद केला, पंपाची वायर थेट लावली. इन्व्हर्टरही चार्ज करू म्हटलं, पण तासाभरात तो काही भरत नाही.

---

निवृत्त_अभियंता | १२ जून, सायंकाळी ५.३०

नाहीच भरणार. १५० एएच बॅटरीला आठ-दहा तास लागतात. तिच्यात साधारण १८०० वॅट-तास असतात, त्यातले निम्मे वापरावेत. ९ वॅटचे चार दिवे आणि एक साधा पंखा म्हणजे शंभराच्या वर वॅट, आठ तासांत संपलं. नुसते दोन दिवे लावले असते तर दोन दिवसांपेक्षा जास्त गेली असती. पूर्ण उतरलेली बॅटरी महिनाभर तशीच पडली तर खराब होते. जमेल तेव्हा तास-तास का होईना चार्जिंग द्या आणि डिस्टिल्ड वॉटर बघा.

३४ खांबांची यादी उपविभागाच्या कार्यालयात कागदावर द्या, पोच घ्या.

---

आगर_श्रीवर्धन | १३ जून, सकाळी ७.५०

तुमच्या चौथ्या प्रश्नाला कोणी हात घातला नाही, कारण त्याचंच उत्तर सगळ्यात कठीण आहे. आमचंही आगर गेलं. आजोबांनी लावलेली रोठा सुपारी. पोफळ पाच-सहा वर्षांनी धरते, भरात यायला दहा. माडाचंही तसंच. आज लावलं तर माझ्या मुलाच्या कामाला येईल.

आधी पंचनामा, मग कुऱ्हाड. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहाय्यक येऊन जाईपर्यंत झाडं जागेवरून हलवू नका, रस्ता अडवणारी सोडून. ती हलवायच्या आधी फोटो काढा, त्यात घर किंवा विहीर अशी ओळखीची खूण दिसू द्या. बुंध्यांना रंगाने आकडे घाला. आम्ही चुन्याने घातले होते, काल पावसाने गेले. ऑईल पेंट वापरा.

कागदाचं सांगते. सातबारा, आठ-अ, बँक पासबुक, आधार. आपल्याकडे सातबाऱ्यावर चाळीस नावं असतात, त्यातली निम्मी मुंबईत, काही वारलेली. सामाईक जमिनीची भरपाई एकाच्या खात्यात जायला बाकीच्यांची संमती लागते. आजच सगळ्यांना फोन लावा. ह्यावरून नंतर भावाभावांत होतं ते वादळापेक्षा वाईट असतं.

बागांसाठी हेक्टरी ५० हजार रुपये जाहीर झालेत, दोन हेक्टरपर्यंत. आधी हा आकडा १८ हजार होता. वाढ झाली हे चांगलंच. पण पोफळी २.७ मीटरवर लावल्या तर हेक्टरमध्ये १३७० च्या आसपास बसतात. म्हणजे झाडाला ३६-३७ रुपये. आणि आपल्याकडे हेक्टर कोणाकडे आहे? दहा गुंठ्यांचं आगर असेल तर पाच हजारांच्या आसपास. तेवढ्यात पडलेली झाडं तोडून बाहेर काढायची मजुरीही निघत नाही. पोफळींचा हिशेब क्षेत्रावर नको, झाडावर हवा, हे आम्ही ग्रामपंचायतीच्या ठरावात लिहून पाठवतोय. तुम्हीही पाठवा.

---

माड_आणि_मसाला | १३ जून, दुपारी १.१५

ताईंचं वाचलं. मी कृषी विस्तारात होतो. त्याला जोडून, पंचनामा झाल्यावरचं.

पडलेले माड वाडीत कुजू देऊ नका. मला सगळ्यात जास्त ह्याचीच काळजी आहे. कुजलेल्या ओंडक्यात गेंड्या भुंगा अंडी घालतो. काही महिन्यांनी त्यातून निघालेले भुंगे उभ्या राहिलेल्या माडांच्या शेंड्यात शिरतात. आणि ज्या माडांना वादळात जखमा झाल्यात त्यांच्या वासाने सोंड्या भुंगा येतो, तो तर आतून पोखरून झाडच मारतो. वादळाने ११ माड नेले, भुंगा उरलेले १५ नेऊ शकतो.

ओंडके फळ्या काढण्यासारखे असतील तर काढून घ्या, जुन्या माडाचा खालचा भाग वाशाला चांगला चालतो. बाकीचे चिरून, फोडून वाळतील असे रचा, सरपणाला जातील. शेणखताच्या खड्ड्यात मेटारायझियम बुरशी टाका, ती भुंग्याच्या अळ्यांना मारते. उभ्या माडांच्या वरच्या तीन पानांच्या बेचक्यांत डांबरगोळ्या ठेवून वर वाळू घाला. मोडक्या शेंड्याचे माड जगणार नाहीत, तेही काढा.

कललेली लहान झाडं पाऊस आहे तोवर सरळ करता येतात. मुळांवर माती चढवा, तीन बाजूंनी आधार द्या. हापूस-काजूच्या फाटलेल्या फांद्या करवतीने साफ कापा आणि बोर्डो पेस्ट लावा. १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. मोरचूद प्लास्टिकच्या भांड्यात भिजवा, लोखंडात नको.

नवीन लावताना माड साडेसात मीटरवर. आता जागा मोकळी आहे, ऊन येतंय, दोन-तीन वर्षं केळी घ्या. केळीची सावली पोफळीच्या रोपांना लागतेच. नंतर जायफळ, मिरी. रोपं दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातून किंवा भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रातून घ्या. सगळ्यांना एकदमच लागणार आहेत, तेव्हा नाव आजच नोंदवा. दारावर येणाऱ्याकडून स्वस्त रोप घेऊ नका. सात वर्षांनी कळतं काय लावलं ते.

---

पोफळवन | १८ जून, दुपारी १२.०५

पंचनामा झाला. १४० पोफळी, ११ अधिक ३ माड. सातबाऱ्यावर आमची १९ नावं, त्यातल्या १६ जणांची संमती मिळाली. दोघांचा पत्ता काकांनी वहीतून शोधला. एक आत्या आजारी आहे, तिच्या मुलाने कळवतो म्हटलंय.

दोन दिवस कटरवाला मिळाला. एक गोष्ट कोणी लिहिली नव्हती म्हणून लिहितो : एकावर एक पडलेल्या पोफळी धनुष्यासारख्या ताणलेल्या असतात. कापल्या की उसळतात. शेजारच्या मुलाच्या खांद्याला लागली, हाड वाचलं. ज्या बाजूला वाकलंय त्या बाजूला उभं राहायचं नाही, आधी वरचं झाड मोकळं करायचं.

स्वयंपाक पूर्ण चुलीवर. पाट्यावर वाटण. कुळथाचं पिठलं, भात, पडलेल्या फणसाची भाजी, आठळ्या. पडलेल्या कैऱ्या आईने मिठात घातल्या, ऊन नसल्याने दुसरं काही करता येत नव्हतं. आमसुलं गेली ह्या वर्षीची. सुकट भिजली, टाकून द्यावी लागली. तांदळाच्या कणगीला खालून ओल लागली होती, वरचे तांदूळ काढून चुलीच्या वर माळ्यावर पसरलेत.

संध्याकाळी सात वाजता जेवणं होतात. काका कंदिलाच्या काचेला राख लावून पुसतात. रात्र फार मोठी वाटते. पाऊस पडायला लागला की आई उठून बसते, वारा नाही ना ते ऐकते.

---

आरोग्यसेविका_रत्नागिरी | १८ जून, रात्री ८.४०

आईंना झोप लागत नाही हे दोनतीन आठवडे चालतं, माझ्या गावात घरोघर आहे. त्यांना एकटीला झोपू देऊ नका. बोलल्या तर ऐकून घ्या, 'होईल सगळं' म्हणून थांबवू नका. महिन्यानंतरही असंच राहिलं, जेवण सुटलं तर आरोग्य केंद्रात आणा. ह्यालाही औषध असतं.

टीसीएल आता रोज घाला, साध्या मापाने. पावसाळ्यात विहिरीत नवं पाणी येत राहतं.

---

नालासोपारा_मंडणगड | २४ जून, सायंकाळी ६.५०

टेम्पो पोचला. २२ ताडपत्र्या, १५ सौर कंदील, ४ कप्प्या, हुक-वॉशरची दोन पोती, औषधांच्या ३१ पिशव्या. सुलभाताई, तुमच्या यादीतलं सगळं गेलं. बाबांनी फोनवर सांगितलं की कंदील ओटीवर टांगलाय, खाडीपलीकडून दिसतो.

---

पोफळवन | ७ जुलै, रात्री ९.१५

घरातून लिहितोय. आज सकाळी टॉवर चालू झाला आणि संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी वीज आली. ३५ व्या दिवशी.

गेले चार दिवस बाहेरगावची टोळी आमच्या शाळेत मुक्कामाला होती. पाणंदीत गाडी जात नव्हती, म्हणून खांब आम्ही खांद्यावर नेले. एका सिमेंटच्या खांबाला सोळा माणसं, चिखलात, मास्क लावून. पहिले दोन खांब नेताना वाटलं होतं जमणार नाही. टोळीतल्या एका मुलाने सांगितलं, त्याच्या घरी लहान बाळ आहे, अजून पाहिलं नाही. आईने त्यांना रोज भाकऱ्या करून घातल्या.

अभियंता काका, तुम्ही लिहिल्याप्रमाणे एकच बल्ब लावला. लख्ख पेटला नाही, व्यवस्थित होता. पण दोन घरं सोडून पलीकडे बल्ब कमीजास्त होत होता. त्यांनी लगेच मेन बंद केला, वायरमनने पाहिलं तर त्यांच्या खांबावरचा न्यूट्रलचा जोड सैल होता. त्यांचा फ्रिज वाचला. तुमचं ते वाक्य मी मोठ्या अक्षरात लिहून देवळाच्या दारावर लावलं होतं.

मोटर अजून लावली नाही. वाइंडिंग ओली असेल, सुकवून तपासून मगच. तोवर रहाट आहे आणि तो आता काढणार नाही.

केळीचे ६० मुनवे लावले. पोफळीच्या २०० रोपांना विद्यापीठात नाव नोंदवलंय, पुढच्या वर्षी मिळतील.

---

निवृत्त_अभियंता | ७ जुलै, रात्री ९.५०

वाचून फार बरं वाटलं. वरच्या वाडीचं काय? ती त्याच रोहित्रावर आहे ना?

---

पोफळवन | ७ जुलै, रात्री १०.०५

नाही, त्यांचं रोहित्र वेगळं. अजून ९ खांब बाकी आहेत, वाट चढाची आहे. त्यांचे सगळ्यांचे मोबाईल आणि कंदील सध्या आमच्या ओटीवर चार्जिंगला आहेत. उद्या सकाळी आठ वाजता शाळेजवळ जमायचं आहे. आसपासच्या गावांतून कोणी वाचत असेल आणि येणार असेल तर जाड दोर आणि पहारी घेऊन या. दुपारचं जेवण आमच्याकडे.